गालिबचा कोणता शेर कोणत्या प्रसंगावर, हे सांगणारं पुस्तक का नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : गालिबचं चरित्र वाचून झालं. वडील लहानपणीच गेले, सात मुलं झाली आणि एकही जगलं नाही, आयुष्यभर कर्ज, जुगाराच्या खटल्यात तुरुंग, शेवटी 1857 ची दिल्ली. हे सगळं डोक्यात ठेवून तुम्ही देवनागरीतला दीवान (त्याच्या गझलांचा संग्रह) उघडलात आणि त्यात यातलं काहीच सापडेना. म्हणून विचारलंत, की प्रत्येक शेरामागचा प्रसंग सांगणारं पुस्तक आहे का, आणि उर्दू लिपी शिकल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ आहे का.

असं पुस्तक नाही. कुणी लिहिलंच तर ते विकत घेऊ नका. लिपीचं उत्तर मात्र तुम्हाला नक्की काय हवंय यावर अवलंबून आहे, त्याकडे शेवटी येतो.

मराठी वाचकांबरोबर उर्दू दीवान वाचण्याचे वर्ग मी बरीच वर्षं घेतो. तुमचा प्रश्न जवळपास प्रत्येक तुकडीत येतो, आणि माझ्या मते तो येतो याचं कारण आपला कान अभंगावर तयार झालाय. ‘तुका म्हणे’ आलं की समोर देहूचा तुकाराम उभा राहतो. दुष्काळ, दिवाळं, अन्नावाचून गेलेली पहिली बायको, इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या, हे सगळं तो स्वतःच्या तोंडाने अभंगांत सांगतो. बहिणाबाई सिऊरकरांनी तर आत्मचरित्रच अभंगांत रचलं. त्यामुळे गझलेच्या शेवटच्या शेरात ‘गालिब’ दिसला की आपण धरून चालतो, हाही तसंच काही सांगत असणार.

गझलेला जवळची आपल्याकडची वस्तू अभंग नव्हे, लावणी आहे. रामजोशी सोलापूरचे ब्राह्मण, कीर्तनकारांच्या घरातले. त्यांच्या लावणीतली विरहिणी रात्र रात्र तळमळते तेव्हा रामजोशींच्या घरात त्या रात्री काय घडलं होतं, असं आपण विचारत नाही. बोलणारी बाई हे एक पात्र आहे आणि शाहिराचं नाव शेवटी सहीसारखं येतं, हे आपल्याला न शिकवता कळतं. गझलेतला ‘मी’ असाच आहे. तो आशिक आहे, आणि त्याच्याभोवतीची मंडळी गालिबच्या जन्माआधी कित्येक शतकं फारसीत ठरून गेलेली आहेत : दाद न देणारी प्रेयसी (व्याकरणात बहुधा पुल्लिंगी), तिच्याभोवती घोटाळणारा रकीब, शहाणपण शिकवणारा नासेह, दारूला नाकं मुरडणारा जाहिद, प्याला भरणारा साकी, निरोप नेणारा कासिद. शायराने पात्रं नवी आणायची नसतात. त्याच पात्रांकडून कुणी न काढलेलं काम काढून घ्यायचं असतं.

त्यात गझलेतला प्रत्येक शेर स्वतंत्र. काफिया (यमक) आणि रदीफ (यमकानंतर दर वेळी तसाच येणारा शब्द) त्यांना एका माळेत ठेवतात, अर्थ ठेवत नाही. पहिल्या शेरात मरणाची भाषा, दुसऱ्यात शेखसाहेबांची टिंगल, तिसऱ्यात सृष्टीच्या रचनेवर शंका, हे एकाच गझलेत सर्रास चालतं. अशा रचनेला एक प्रसंग कुठून लावणार?

आता तारखांकडे येऊ. माझा सगळ्यात मोठा आक्षेप इथे आहे, आणि चरित्रं वाचून आलेल्या माणसाला धक्काही इथेच बसतो.

गालिबचा जन्म आग्र्याचा, 27 डिसेंबर 1797. लग्न तेराव्या वर्षी. त्यानंतर थोड्याच वर्षांत तो दिल्लीला आला. त्याच्या उर्दू दीवानाचं एक हस्तलिखित 1816 सालचं आहे. ते 1969 मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूला शंभर वर्षं झाली त्याच वर्षी उजेडात आलं. तेव्हा हा मुलगा एकोणीस वर्षांचाही नव्हता. दुसरं हस्तलिखित 1821 चं. ते भोपाळला सापडलं आणि 1921 मध्ये ‘नुस्खा-ए-हमीदिया’ म्हणून छापलं गेलं. ही दोन समोर ठेवली की दिसतं, की त्याच्या उर्दू गझलांचा फार मोठा भाग पंचविशीच्या आतला आहे. त्यातलं बरंचसं त्याने पुढे स्वतःच कापून टाकलं. 1841 मध्ये पहिल्यांदा छापून आला तो निवडलेला, लहानसा दीवान. आज हातात येतो तोही तसा सडपातळच, सव्वादोनशेच्या आसपास गझलांचा.

तिशीच्या सुमारास तो उर्दू जवळपास बाजूला ठेवतो आणि फारसीकडे वळतो. फारसी रचना उर्दूच्या कितीतरी पट आहे, आणि ज्याला माझे खरे रंग पाहायचेत त्याने फारसी पाहावं, उर्दू तर बेरंग आहे, असं त्याने फारसी शेरातच सुनावून ठेवलंय. उर्दूकडे तो पुन्हा नेटाने येतो 1850 नंतर, कारण त्या वर्षी बहादुरशाह जफरच्या दरबारात त्याची नेमणूक होते आणि बादशहाला उर्दू गझल हवी असते. आपल्याला पाठ असलेले सोप्या भाषेतले पुष्कळ शेर याच काळातले. 1857 नंतर तो गझल फारशी लिहीतच नाही.

याचा अर्थ असा, की दीवानात छापलेलं जवळजवळ सगळं 1857 च्या आधीचं आहे. ‘कोई उम्मीद बर नहीं आती’ वाचताना डोळ्यांसमोर उद्ध्वस्त दिल्ली आणणारे लोक मला नेहमी भेटतात. भावना मी समजू शकतो, पण ती गझल बंडाआधीची आहे. ‘हज़ारों ख़्वाहिशें ऐसी’ हीसुद्धा. मुंबईच्या कालिदास गुप्ता रजा यांनी उपलब्ध सगळं उर्दू काव्य तारखांप्रमाणे लावून 1988 मध्ये छापलं. ते चाळणाऱ्याला प्रसंग जोडण्याचा मोह फार वेळ टिकत नाही.

मोह किती फसवा असतो ते एका उदाहरणावर दाखवतो. दीवानातला पहिलाच शेर घ्या :

नक़्श फ़रियादी है किस की शोख़ी-ए-तहरीर का
काग़ज़ी है पैरहन हर पैकर-ए-तस्वीर का

चित्र कुणाच्या रेखाटण्याच्या खोडकरपणाविरुद्ध फिर्याद घेऊन आलंय? चित्रातल्या प्रत्येक आकृतीच्या अंगावर कागदाची पैरण आहे. गालिबने पुढे एका पत्रात याचा खुलासा केला, की इराणात फिर्यादी कागदाचे कपडे घालून हाकिमासमोर जायचा, अशी रीत होती. चित्र कागदावरच काढलेलं असतं. म्हणजे जगातली झाडून सगळी चित्रं जन्मतःच फिर्यादी ठरली, आणि फिर्याद कुणावर, तर चितारणाऱ्यावर. कुराणाच्या पहिल्या पानावर देवाची स्तुती असते, दीवानाच्याही पहिल्या शेरात ती अपेक्षित असते. हा तिथे देवाच्या नावाने तक्रार अर्ज टाकतो.

आता चरित्र आठवा. गालिब आयुष्यभर फिर्यादीच होता. त्याचे काका नसरुल्ला बेग मराठ्यांच्या वतीने आग्र्याचे सुभेदार होते, असं त्याने स्वतः लिहून ठेवलंय (आपल्याकडच्या वाचकांना हे सहसा माहीत नसतं). 1803 मध्ये आग्रा लॉर्ड लेककडे गेलं तेव्हा काका इंग्रजांच्या नोकरीत आले, आणि 1806 मध्ये वारले. त्यांच्या वारसांसाठी वर्षाला 10,000 रुपये ठरले, महिन्याभरात दुसरा कागद निघून त्याचे 5,000 झाले, त्यातही एका तिसऱ्या माणसाचा 2,000 चा वाटा घुसला. गालिबच्या हातात येत ते वर्षाचे 750, म्हणजे महिना 62 रुपये 8 आणे. तो दुसरा कागद बनावट आहे, हे सिद्ध करायला तो लखनौ, बांदा, बनारस करत 1828 च्या फेब्रुवारीत कलकत्त्याला पोचला आणि दिल्लीला परत यायला 1829 चा नोव्हेंबर उजाडला. दावा फेटाळला गेला. अपिलं मात्र तो पुढे वर्षानुवर्षं करत राहिला.

कागद, फिर्याद, लिहिणाऱ्याचा खोडसाळपणा, सगळं चपखल बसतं, नाही? वर्गात हे जुळवून दाखवलं की माना डोलतात. मग मी तारीख सांगतो. शेर 1816 चा आहे. कलकत्त्याचा प्रवास सुरू व्हायला अजून दहा वर्षं आहेत, आणि हा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा फारसी कवी बेदिलच्या नादाने अवघड कल्पना बांधण्यात रमलाय. शेर त्याच्या दुःखातून आला नाही, त्याच्या वाचनातून आणि मस्तीतून आला. माझ्या दृष्टीने ते जास्त थक्क करणारं आहे.

म्हणजे गालिबच्या शायरीत त्याचं आयुष्य नाहीच का? आहे. पण आयुष्य आणायचं असलं की तो ते नावानिशी आणतो, आडपडदा ठेवत नाही, आणि बहुतेक वेळा त्यासाठी गझल वापरत नाही. ही खूण मला वाचनात फार उपयोगी पडली आहे, म्हणून जरा सविस्तर.

बायकोचा भाचा आरिफ त्याने मुलासारखा वाढवला होता. तो 1852 मध्ये ऐन तारुण्यात गेला. त्याच्यावर ‘कोई दिन और’ या रदीफाची रचना आहे. ‘तन्हा गए क्यूँ, अब रहो तन्हा कोई दिन और’, एकटा का गेलास, आता राहा काही दिवस एकटा. आकार गझलेचा आहे, पण पहिल्या शेरापासून शेवटपर्यंत विषय एकच, आणि मध्ये म्हाताऱ्या आकाशाला उद्देशून आरिफचं नाव सरळ घेतलंय. इथे प्रसंग शोधावा लागत नाही. स्वतःच्या सात लेकरांवर मात्र दीवानात असं काही नाही.

दरबारात पगार महिना 50 रुपये होता आणि तो सहा महिन्यांनी एकदम मिळायचा. त्यावर बादशहाला लिहिलेला पद्यातला अर्ज आहे. त्यात म्हणतो, मेलेल्या माणसाची छमाही (सहा महिन्यांनंतरचा विधी) एकदाच करायची रीत आहे. मी तर जिवंत आहे आणि माझी वर्षातून दोनदा होते! सावकार दारात उभा असताना सुचलेला विनोद आहे हा. कुणाला गालिबची गरिबी पाहायची असेल तर ती इथे पाहावी, ‘साकी’ आणि ‘मय’वाल्या शेरांत नव्हे.

शहजादा जवाँबख्तच्या लग्नात त्याने सेहरा (नवरदेवासाठीचं लग्नगीत) लिहिला आणि शेवटी जाहीर केलं, की यापेक्षा चांगला सेहरा कुणी म्हणून दाखवावा. बादशहाचे शायरीतले उस्ताद होते जौक. बादशहाला तो टोमणा वाटला, जौकने उत्तरादाखल सेहरा लिहिला, आणि गालिबला पद्यातच माफी मागावी लागली. त्या माफीत तो लिहितो, शंभर पिढ्या आमचा धंदा शिपाईगिरी, शायरी काही माझ्या इज्जतीचं साधन नव्हे. माफी मागताना मान अजून एक इंच वर. दरबारातला गालिब पुरता कळायला ही एक रचना पुरे.

आणि 1857? त्याबद्दल एक किता (एकाच विषयावरची छोटी कविता) आहे, बंडानंतर शिष्य अलाईला लिहिलेल्या पत्रात आलेला. त्यात इंग्रज शिपाई आहे, बाजारात पाऊल टाकताना पाणी पाणी होणारं काळीज आहे. ‘चौक जिसको कहें वो मक़्तल है, घर बना है नमूना ज़िंदाँ का’. चौक म्हणजे वधस्तंभाची जागा, घर म्हणजे तुरुंगाचा नमुना. एकही साकी नाही, बुलबुल नाही. बोलायचं तेव्हा तो इतकं उघड बोलतो. मग त्याच्या गझलेतल्या प्रत्येक ‘क़फ़स’मध्ये बंडाचा पिंजरा कशाला शोधायचा? तुरुंगाचंही असंच. 1847 मध्ये घरी जुगार चालवल्याबद्दल सहा महिन्यांची शिक्षा झाली, तीन महिन्यांत सुटला, आणि त्यावरची मोठी कविता त्याने फारसीत लिहिली. तुमच्या देवनागरी दीवानात ती कुठून सापडणार.

तर तुम्हाला चरित्रातला माणूस हवा असेल तर दीवान मिटून ठेवा आणि पत्रं घ्या. उर्दू पत्रांचा पहिला संग्रह 1868 मध्ये आला, दुसरा 1869 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर महिन्याभरात (तो 15 फेब्रुवारी 1869 ला गेला). लांबलचक अलंकारिक मायने टाकून त्याने पत्र थेट बोलायला सुरुवात केली. मी पत्रव्यवहाराचं संभाषण करून टाकलंय, असं तो एका पत्रात अभिमानाने म्हणतो, आणि ते खरं आहे. कधी ‘मियाँ’ म्हणून हाक मारतो, कधी दोन पात्रांच्या संवादानेच पत्र सुरू होतं.

1857 नंतरची पत्रं आधी वाचा. काकांच्या वारशाचं पेन्शन बंद पडलंय, ते सुरू व्हायला 1860 चा मे उजाडणार आहे. मध्ये रामपूरच्या नवाबांचे महिना 100 रुपये सुरू होतात म्हणून चूल पेटते. धाकटा भाऊ यूसुफ बंडाच्या धामधुमीतच गेला. बल्लीमाराँतल्या गालिबच्या गल्लीवर पतियाळाच्या महाराजांचे शिपाई पहाऱ्याला होते, कारण तिथले हकीम त्या दरबाराच्या नोकरीत होते, म्हणून हा वाचला. आणि या सगळ्यातून तो शिष्य मीर मेहदी मजरूहला काय कळवतो? लाल डिग्गीच्या विहिरी खाऱ्या झाल्या. जामा मशिदीपासून राजघाट दरवाज्यापर्यंत सगळं ओसाड माळरान झालंय. दिल्ली पाच गोष्टींवर जगत होती, किल्ला, चाँदनी चौक, जामा मशिदीजवळचा रोजचा बाजार, दर आठवड्याची जमुनेच्या पुलावरची सैर, दर वर्षीचा फुलवाल्यांचा मेळा. या पाचही नाहीत, तर दिल्ली कुठली विचारतोस? पावसाळ्यात लिहितो, ढग दोन तास बरसला तर छत चार तास बरसतं.

उर्दू गद्याच्या इतिहासात या पत्रांचं स्थान मोठं आहे, ते असो. मला ती आवडतात कारण तिथे पात्र नसतं, फक्त मिर्झा असतात. एक सावधगिरी : पुष्कळ लतीफे आणि शेरांमागच्या गोष्टी या पत्रांतल्या नाहीत, त्या आजादच्या 1880 च्या ‘आब-ए-हयात’ या उर्दू शायरांच्या इतिहासातून आणि शिष्य हालीच्या 1897 च्या चरित्रातून आल्या आहेत. हाली सरळ माणूस आहे, त्याने गालिबला पाहिलंय, त्याच्यावर मी बराच भरवसा ठेवतो. आजाद जौकचा चेला आणि शैलीचा बादशहा, त्याची गोष्ट वाचावी आणि हसून पुढे जावं.

बरं, तुम्हाला माणूस नको, शायर हवाय असं समजू. मग प्रसंगाच्या जागी काय धरायचं?

मी वर्गात एक साधी गोष्ट करायला लावतो. दुसरी ओळ हाताने झाका. शेर मुशायऱ्यात ऐकण्यासाठी बांधलेला असतो. पहिली ओळ म्हटली जाते, पुन्हा म्हटली जाते, श्रोते पुढचं ताडायला लागतात, आणि मग दुसरी ओळ येते. पुस्तकात दोन्ही एकदम दिसतात, त्यामुळे अर्धा शेर वायाच जातो. ‘मौत का एक दिन मुअय्यन है’, मृत्यूचा एक दिवस ठरलेला आहे. इथे थांबा. पुढे काय येईल? बहुतेक जण म्हणतात, मग भीती कशाची, किंवा मग जगून घ्या. आता हात काढा : ‘नींद क्यूँ रात भर नहीं आती’. उपदेशाच्या वाटेने निघालेला शेर अंथरुणावर येऊन पडतो. दिवसासमोर रात्र ठेवलीय. मरणाचं ठरलंय तर काळजीचं कारण नाही, हे पटूनही झोप नाही. की मरण ठरल्या दिवशीच येणार, मग झोपेला काय झालंय, ती तरी रोज यावी? प्रश्न आहे म्हणून दोन्ही अर्थ उभे राहतात. गालिबला प्रश्नार्थक ओळ फार लाडकी आहे, आणि तो उत्तर जवळपास कधीच देत नाही. वर दिलेला पहिला शेरही पाहा, तिथेही ‘किस की’चं उत्तर दुसऱ्या ओळीत नाही. असे दहा-बारा शेर हात झाकून वाचलेत, की प्रसंगाची भूक आपोआप कमी होते.

अवघड शब्दरचनेत एकच किल्ली आधी शिकून घ्या. मधे ‘-ए-’ आला की उलट दिशेने वाचायचं. शोख़ी-ए-तहरीर म्हणजे तहरीरची शोखी, पैकर-ए-तस्वीर म्हणजे तस्वीरीतला पैकर. तीन-तीन शब्द जोडलेले असले तरी शेवटून सुरुवात करा, सुटतं.

आणि मराठी वाचकाला एक सोय आयती मिळालेली आहे, ती आपण वापरत नाही. आपल्याला लघू-गुरू मोजता येतात. माधव जूलियन फारसीचे प्राध्यापक, त्यांच्यामुळे यातली काही वृत्तं मराठीत रुजली. ‘हज़ारों ख़्वाहिशें ऐसी कि हर ख़्वाहिश पे दम निकले’ ही सरळ वियद्गंगा आहे, लगागागा चार वेळा. ‘नक़्श फ़रियादी’ ही देवप्रिया, गालगागा गालगागा गालगागा गालगा. फरक एवढाच, की उर्दूत काही दीर्घ अक्षरं उच्चारात आखडता येतात. ‘दी है किस की’मधला ‘है’ लघू धरा, ‘शोख़ी’मधली ‘ख़ी’ लघू धरा, ओळ लगेच ठेक्यात बसेल. ‘ख़्वाहिश’चा उच्चार ‘ख़ाहिश’ असा करायचा, हेही लक्षात असू द्या. ज्या ओळीचा ठेका सापडला तिचा अर्थ निम्मा सापडतो, कारण शब्द उलटेपालटे का ठेवलेत ते कळतं.

याचा दुसरा फायदा व्हॉट्सअॅपवर होतो. तुम्ही प्रश्नात जो ‘आवडता शेर’ म्हणून दिलात, चेहऱ्यावरची धूळ आणि आयुष्यभर आरसा पुसत बसण्याचा, तो गालिबचा नाही. दीवानात नाही, कापलेल्या शेरांत नाही. तारीख-हस्तलिखित काही न पाहता हे ओळखता येतं : दोन्ही ओळी मोजा, लांबीच जुळत नाही. गालिब अर्थाने चकवील, बेवृत्त होणार नाही. मशिदीत बसून दारू पिऊ देण्याचा जो शेर त्याच्या नावावर फिरतो तो वृत्तात आहे, पण दीवानात तोही नाही. म्हणजे मोजणी फक्त नापास करू शकते. पास झालेल्याला दीवानात शोधावंच लागतं.

क्रम विचारलात तर माझा असा : आधी 1857 नंतरची पत्रं, मग वर सांगितलेल्या नावानिशी रचना (आरिफवरची, पगाराचा अर्ज, सेहऱ्याची माफी, अलाईच्या पत्रातला किता), मग दरबारकाळातल्या सोप्या गझला, आणि एकोणिसाव्या वर्षाचे अवघड शेर अगदी शेवटी. छापील दीवान काफिया-रदीफाच्या अक्षरांनी लावलेला असतो, काळाने नाही, त्यामुळे पान एकपासून सुरुवात केली की माणूस सगळ्यात कठीण शेरावर आपटतो. तुमचं बहुधा तेच झालंय.

उर्दू लिपी : फक्त गझला वाचायच्या असतील तर नाही शिकलात तरी भागेल. अली सरदार जाफरींनी संपादित केलेला दीवान मुंबईहून 1958 मध्ये निघाला, त्यात समोरासमोर उर्दू आणि देवनागरी आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या फ्रान्सिस प्रिचेट यांनी अख्खा दीवान देवनागरीसह, जुन्या टीकाकारांच्या मतांसकट इंटरनेटवर मोफत ठेवलाय. त्यांनी प्रत्येक गझलेला रजांची तारीखही दिली आहे, ती आधी बघत जा. पत्रांचं मात्र वेगळं आहे. देवनागरीत निवडक मिळतात, सगळी हवी असतील तर लिपीला पर्याय नाही. ती शिकायची ठरवलीत तर मुळाक्षरांनंतर लगेच ही पत्रंच सरावाला घ्या. वाक्यं छोटी, बोलीतली, आणि पुढे काय लिहिलंय याची उत्सुकता असल्यामुळे अक्षर अडलं तरी माणूस उठून जात नाही.